कर्ता कुठाय?

सोमवार, ४

आज मला नोकरीवरून काढणार होते. त्याऐवजी बढती दिली. असं फक्त माझ्याच बाबतीत होऊ शकतं.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात महिन्याभरापासून सगळ्या नोंदी एका ॲपवर आल्यात. कुठलं कुत्रं आलं, काय झालं, काय औषध दिलं, सगळं त्यात. आणि पासवर्ड अख्ख्या दवाखान्याचा एकच, १२३४५. डॉक्टरांचा तोच, वॉर्ड सांभाळणाऱ्या माझ्या आत्याचा तोच, बादल्या घासणाऱ्या माझा पण तोच. आता दार उघडं ठेवलं आणि मांजर आत शिरलं तर दोष मांजराचा का? शनिवारी दुपारी मी आत शिरले आणि सगळ्यांची नावं बदलली. डॉक्टर झाले ‘सुईवाले बाबा’. आत्या झाली ‘फौजदार’. नोंदणीच्या खिडकीत बसणारे कॅप्टन (सैन्यात कधीच नव्हते, नुसत्या मिशा आहेत) झाले ‘मिशा, नर, वय तीन वर्षे, जंत आहेत’.

सकाळी कॅप्टननी पहिला केसपेपर छापला आणि खाली आलं: नोंद करणार, मिशा.

डॉक्टरांनी बोलावलं. आत्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. “हिला मीच आणली, मीच कान धरून बाहेर काढते.”

डॉक्टरांनी विचारलं, “किती वेळ लागला तुला हे करायला?”

“चहा गार व्हायच्या आत झालं.”

त्यांनी टेबलावर पेन टकटक केलं. मग म्हणाले, “ज्याला कुलूप उघडता येतं त्याच्याकडेच किल्ल्या दिलेल्या बऱ्या. आजपासून तू ॲडमिन. कोणी काय बघायचं, कोणी काय लिहायचं, ते तू सांभाळ. मला विचारून. एक महिना देतो. एक चूक झाली की परत बादली.”

रोज काय बदललं ते वहीत लिहायला सांगितलंय. ती वही वेगळी. ही माझी.

मंगळवार, ५

चार गट केले. डॉक्टर, वॉर्ड, खिडकी, मालक. गटापुढे चार चौकोन असतात. वाचणे, लिहिणे, बदलणे, पुसणे. टिचकी मारली की अधिकार मिळाला, परत मारली की गेला. एकेका माणसाला वेगळं काही द्यायचं नाही. गटाला द्यायचं आणि माणूस गटात ढकलायचा. अगदी आमच्या घरासारखं. आईला चारही चौकोन. बाबांना फक्त वाचणे, ते पण पेपर.

कॅप्टनचं पुसणं काढून घेतलं. फार चिडले.

“बारा वर्षं या खिडकीत बसलोय मी!”

“मागच्या आठवड्यात तुम्ही एक अख्खा ससा पुसलात.”

“चुकून बोट लागलं.”

“म्हणूनच.”

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे दिवसभर बोलतात, पण आत्याकडे बघून. “त्या ॲडमिनबाईंना विचारा, मला शिंकायची परवानगी आहे का.”

शुक्रवार, ८

वाघीण आली.

आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाई. यांनीच मला शेवटच्या परीक्षेत चौतीस दिले. पास व्हायला पस्तीस. एका मार्काने माझं शिक्षण संपलं. (बाकी दोन विषयांत पण गेले होते, पण ते वेगळं.) मी बाईंना दारात बघितलं आणि पेन पडलं म्हणून टेबलाखाली गेले. पाच मिनिटं ते पेन मी सापडू दिलं नाही.

वरून आवाज आला, “वर ये. ओळखलंय मी. काय करतेस इथे?”

“ॲडमिन आहे.”

“कोण आहे?”

“मी.”

“मग तसं म्हण ना. मी ॲडमिन आहे. वाक्यात कर्ता कुठाय?”

शाळेत पण रोज हेच. वहीच्या पानापानावर लाल पेनाने ‘कर्ता कुठाय?’ पहिले सहा महिने मला वाटायचं, हा वर्गातला कोणीतरी पोरगा आहे आणि रोज दांडी मारतो.

बाईंच्या हातात कुत्रा होता. बारा वर्षांचा, पांढरा, शेपटी अशी वळलेली की बाईंनी नावच ठेवलंय स्वल्पविराम. हाक मारायला स्वल्पू. त्याने बाईंचा मोजा गिळलाय आणि तो पोटात अडकलाय. उद्या ऑपरेशन.

फॉर्मवर ‘घरातील इतर व्यक्ती’ असं एक कलम आहे. तिथे बाईंनी आधी रेघ मारली. मग थोडा वेळ थांबून त्या रेघेपुढे लिहिलं, स्वल्पविराम.

कुत्रा व्यक्ती कसा असेल? मी लिहिलं असतं तर मार्क कापले असते.

मालकांच्या गटात घातलं बाईंना. घरबसल्या स्वल्पूची नोंद बघता येईल.

रविवार, १०

मोजा निघाला. अख्खा. बाईंनी तो धुऊन परत मागितला.

स्वल्पूची जखम चांगली आहे पण स्वारी काही खात नाही. फक्त पाच वाजता, भेटीच्या वेळेला बाई येतात, पिंजऱ्यापाशी स्टूल घेऊन बसतात आणि त्याला पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवतात. मधे मधे त्यातल्या चुका काढतात. तेवढ्यात हा चार घास खातो. आत्या म्हणते, “औषधाने नाही, आवाजाने जगतोय हा.” मला तर त्या आवाजाने घास गिळवत नसे. कुत्र्यांचं काही कळत नाही.

बाईंचे आज अकरा फोन आले. चार स्वल्पूची चौकशी करायला, सात शुद्धलेखनाचे. आत्याने नोंदीत ‘पाणि पिला’ लिहिलं होतं. “णी दीर्घ,” बाई म्हणाल्या. आत्या म्हणाली, “कुत्र्याने तर ऱ्हस्वच पिलं, दोन थेंब.”

सोमवार, ११

डॉक्टर वैतागले. आतल्या वॉर्डात जनावरं सात आणि फोन सत्तर. एका गृहस्थांनी विचारलं, “साडेनऊला आमच्या बोक्याने जांभई दिली असं लिहिलंय, ते चांगलं का वाईट?” डॉक्टर म्हणाले, “उद्या दहापासून आतल्या वॉर्डाच्या नोंदी मालकांना बंद. भेटायला आले की तोंडी सांगू.”

मालकांच्या गटातली ‘वाचणे’वरची टिचकी काढायची, एवढंच काम. पण बंद नोंद उघडायला गेलं की पडद्यावर काय दिसावं, तेही मीच ठरवायचं होतं. मी आधी लिहिलं, ‘आपणास ही नोंद वाचण्याचा अधिकार देण्यात आलेला नाही.’ एकदम सरकारी, भारदस्त. ॲप म्हणालं, लांब होतंय, पंधरा अक्षरांत बसवा. कापत कापत आणलं, ‘वाचू शकत नाही’. सुटसुटीत. जनावराचं नाव ॲप स्वतःच सुरुवातीला लावतं, म्हणजे तेवढी माझी अक्षरं वाचली.

कॅप्टन आत्याकडे बघत म्हणाले, “मालकांना आधी कळवायला नको का कोणी?”

मी म्हटलं, “दार बंद दिसलं की कळतंच माणसाला.”

एकदा सगळ्या नोंदी उघडून बघितल्या. माझ्याकडे सगळं झकास उघडतंय. साडेअकरालाच मोकळी. ॲडमिन व्हायला शिक्षण लागतं असं कोण म्हणतं?

मंगळवार, १२

दहा वाजता टिचकी काढली. सव्वादहाला बाईंचा फोन. मी तयारच होते. अगदी शांतपणे, ऑफिसातल्यासारखी बोलले. सगळं लिहून ठेवते, कारण बाईंपुढे मी जिंकल्याचा हा पहिलाच प्रसंग.

“मी आत्ता तुमच्या ॲपवर बघितलं. वाचू शकत नाही, असं लिहिलंय.”

“हो बाई. मीच लिहिलंय.”

“चूक तर नाही ना काही?”

“अजिबात नाही. डॉक्टरांनी ठरवलं, मी टाकलं.”

“पण कालपर्यंत तर सगळं ठीक होतं.”

“कालपर्यंत होतं बाई. आज दहापासून नाही.”

बाई म्हणाल्या, “असं एकदम?”

“त्रास फार होत होता. किती सहन करायचं? शेवटी डॉक्टर म्हणाले, आता बास.”

“मला तर कोणी बोललं नाही.” मग हळूच, “सात आहे का कसली?”

बाई आणि असलं वाक्य! वय झालं, दुसरं काय. मी म्हटलं, “सातच आहेत बाई. आतल्या वॉर्डात एकूण सात. सगळ्यांचं एकदमच केलं.”

“सगळ्यांचं?”

“गटाचा नियम आहे. तुमच्या एकट्या स्वल्पूला वेगळं काढता येत नाही.”

“काहीच करता येणार नाही?”

“नाही बाई. मनाला लावून नका घेऊ.”

मग म्हणाल्या, “बरं,” आणि फोन ठेवला. एकही चूक काढली नाही. माझं बोलणं ऐकून हबकलेल्या दिसतात.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला मात्र गंमतच. बोक्याचे गृहस्थ धावत आले, बोक्याला छातीशी धरून रडले आणि डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, “देवासारखे आहात!” डॉक्टर म्हणाले, “अहो, नख काढलं होतं फक्त.” आणखी दोघी अशाच रडत आल्या आणि हसत गेल्या. एक दिवस नोंद बंद ठेवली तर लोक इतके हळवे झाले.

बाई आल्या नाहीत. रुसल्या असणार.

बुधवार, १३

स्वल्पूने कालपासून तोंड उघडलेलं नाही. आत्याने हातावर घेऊन भरवलं, थुंकलं. पाच वाजले की दाराकडे बघतो. आज पण बाई आल्या नाहीत. आत्याने मला फोन करायला लावला. चारदा केला, उचलला नाही.

दुपारी त्यांच्या शेजारणीच्या हाती डॉक्टरांना चिठ्ठी आली. डॉक्टरांनी आमच्यासमोरच वाचली. ‘आपला निर्णय मला समजला. स्वल्पविरामाला आपण आणखी त्रास देऊ नये, लवकर मोकळं करावं. त्या वेळी मी तिथे असायला हवं, पण माझ्याने ते बघवणार नाही. मी येणार नाही.’

“माझा कसला निर्णय?” डॉक्टर म्हणाले. मग पिंजऱ्याकडे बघत उभे राहिले. “थकल्या असतील. एकट्या बाईने बारा वर्षांच्या कुत्र्याची शुश्रूषा करायची म्हणजे... आणि हा पण खात नाही. असं चाललं तर तीन-चार दिवस तडफडेल.” आत्याला म्हणाले, “उद्या अकरापर्यंत बघू. काही खाल्लं तर ठीक. नाहीतर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कायमचं झोपवू.”

आत्या भिंतीकडे तोंड करून औषधाच्या बाटल्या पुसत राहिली. त्या सकाळीच पुसल्या होत्या.

मला बाईंचा असा राग आलाय! मला एक मार्क दिला नाही ते ठीक. कुत्र्यालाही देत नाहीत.

गुरुवार, १४

घाईघाईत लिहितेय. अक्षर वाईट येईल. तसंही वाईटच आहे.

सकाळी मन थाऱ्यावर नव्हतं. स्वल्पूने सकाळचं पण खाल्लं नाही. मन थाऱ्यावर नसलं की माझ्याकडे एकच औषध, कोणाची तरी फिरकी घेणे. मी आतल्या वॉर्डात एक नवीन नोंद केली. गेंडा. तक्रार, मिशा वाढल्या. मालक, कॅप्टन. आणि कॅप्टनना अलगद मालकांच्या गटात ढकललं. मग हाक मारली, “कॅप्टन, तुमच्या नावावर काहीतरी आलंय बघा.”

त्यांनी चष्मा चढवला, उघडलं, आणि मोठ्याने वाचलं.

“गेंडा वाचू शकत नाही.”

मग नऊ दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे वळून म्हणाले, “अगं, कुठला गेंडा? काय झालंय त्याला? मरतोय का?”

मला हसू फुटलं. “मरतोय कुठे कॅप्टन, तुम्ही वाचू शकत ना...”

आणि तिथेच थांबले. त्यांच्या पडद्याकडे बघितलं. हे पान मी कधी बघितलंच नव्हतं. मला दिसणारच नव्हतं ते. ज्याच्या कमरेला सगळ्या किल्ल्या, त्याला बंद दार कसं दिसेल?

गेंडा वाचू शकत नाही. बोका वाचू शकत नाही. स्वल्पविराम वाचू शकत नाही.

मीच लिहिलंय. अजिबात चूक नाही. आता बास. सगळ्यांचं एकदमच केलं. मनाला लावून नका घेऊ.

आणि सात नव्हे. साथ. बाई विचारत होत्या, साथ आहे का कसली.

घड्याळात दहा पंचवीस.

मी वॉर्डात पळत गेले. आत्या ट्रे लावत होती. “आत्या, त्या सुईला हात लावायचा नाही! मी येईपर्यंत कोणीच लावायचा नाही!”

“आता काय करून ठेवलंस?”

“कर्ता खाल्ला!”

“कोणी? स्वल्पूने?” आत्याचा चेहरा एकदम उजळला. बिचारी.

बाहेर आले तर कॅप्टन स्कूटरची किल्ली घेऊन उभे. त्यांना सगळं कळलं होतं, मिशा थरथरत होत्या. “चालवता येते?”

“नाही.”

“मग बस मागे.” बारा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत खिडकी बंद झाली असेल.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात सामान बांधून ठेवलं होतं, एक घोंगडी, एक पट्टा, एक चेंडू. आणि घासून पालथं घातलेलं एक वाडगं. बाईंनी दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते. मी बाईंना असं कधी बघितलं नव्हतं.

“झालं?” एवढंच विचारलं त्यांनी.

मला धाप लागली होती. “बाई, वाचू शकतो!”

“कोण? काय वाचू शकतो?”

“स्वल्पू! म्हणजे स्वल्पू नाही, तुम्ही! तुम्ही वाचू शकत नाही असं लिहायचं होतं, नोंद, नोंद वाचू शकत नाही. पंधराच अक्षरं होती बाई, म्हणून मी कर्ता कापला.”

बाईंचे ओठ हलत होते, वाक्य सोडवत असाव्यात. मग दाराला धरून हळूच खाली बसल्या. “म्हणजे वाचू शकत नाही ती मी.”

“हो बाई.”

“त्याला काही झालेलं नाही?”

“तुम्ही येत नाही म्हणून जेवत नाही तो. अकरापर्यंतच मुदत आहे. तुमच्या चिठ्ठीमुळे.”

वाघीण उठली. चपला पण उलट्या घातल्या. माझा कान धरला तो धरूनच जिना उतरल्या, आणि स्कूटरवर आम्ही तिघं, पुढे कॅप्टन, मधे मी, मागे बाई, कान तसाच. एकाच्या हाताखाली हँडल, एकीच्या हाताखाली मी.

वॉर्डात बाई स्टुलावर बसल्या. हातात पेपर नव्हता. समोर भिंतीवर पाटी होती, तीच वाचायला लागल्या. “पिंजऱ्यात बोटे घालु नयेत. घालू. लू दीर्घ. कोणी लिहिलंय हे? मालकांनी शांतता राखणे. राखावी! राखणे काय राखणे!”

स्वल्पूचा एक कान उभा राहिला. मग दुसरा. मग ती शेपटी, आधी सरळ पडलेली, हळूहळू वळली आणि पुन्हा स्वल्पविराम झाला. आत्याने वाडगं पुढे केलं. त्याने एक घास घेतला. मग दुसरा. पाटी संपली तशी बाईंनी औषधाच्या बाटलीवरचं वाचायला घेतलं. तिसरा, चौथा.

डॉक्टर आले तेव्हा अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. वाडगं रिकामं होतं आणि बाई आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत होत्या.

मी कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं. “सर, मी केलं. मेसेज मी लिहिला, मी तपासला नाही, कॅप्टननी कळवायला सांगितलं ते मी ऐकलं नाही.” आणि कोपऱ्यातली बादली स्वतःच उचलली.

बाईंनी नळकांड्यावरून नजर न काढता म्हटलं, “चारही वाक्यांत कर्ता आहे.”

शनिवार, १६

निकाल लागला. सकाळी बादली, दुपारी ॲडमिन. डॉक्टर म्हणाले, “कुलूप लावणाऱ्याने एकदा कुलपाच्या बाहेर उभं राहून बघायचं असतं. हे मी पण तुला सांगितलं नव्हतं, म्हणून अर्धीच शिक्षा.”

सातही मालकांना फोन करून माफी मागितली. बोक्याच्या गृहस्थांना पटेना. ते अजून चमत्कारच मानतात.

गेंडा मात्र कायम ठेवलाय. काहीही बदललं की आधी गेंड्याचा मालक म्हणून आत जायचं आणि काय दिसतं ते बघायचं. कॅप्टन म्हणाले, “गेंड्याचा मालक मी आहे, आत जायचं तर मला विचारून जायचं.” थेट माझ्याकडे बघून म्हणाले. पुसणं परत मागितलं, ते काही मी दिलं नाही.

पंधरा अक्षरांची मर्यादा वाढवायचा चौकोन तिथेच खाली होता. बघितलाच नव्हता.

सोमवार, १८

स्वल्पू घरी गेला. जाताना कॅप्टनचा रुमाल तोंडात घेतला होता, आत्याने वेळेवर काढला.

जायच्या आधी मी पाचवा गट केला, ‘शुद्धलेखन’. सदस्य एकच. पडद्यावरचे सगळे शब्द बदलायचा अधिकार, बाकी काही नाही. बाईंनी दुपारभर घरी बसून सगळं तपासलं. माझ्या त्या ओळीच्या जागी आता आहे, ‘ही नोंद तुम्हाला इथे वाचता येणार नाही. तुमचं जनावर कसं आहे हे आम्ही पाच वाजता समक्ष सांगू.’ गेंड्याचा मालक होऊन बघितलं. नीट दिसतंय.

फोन करून म्हटलं, “बाई, आता तरी तो एक मार्क द्या.”

“मार्क मागून मिळत नाहीत,” म्हणाल्या आणि ठेवला.

मंगळवार, १९

सकाळी बादल्या आटपून आत गेले. माणसांच्या यादीत सगळ्यांची नावं, पुढे काम. डॉक्टर, शल्यचिकित्सक. आत्या, वॉर्डप्रमुख. कॅप्टन, नोंदणी. सगळीकडे ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी.

माझ्या नावापुढे काल संध्याकाळपर्यंत ‘ॲडमिन’ होतं. ते खोडून कोणीतरी लिहिलंय, ‘कर्ता’.

बदलायचा अधिकार आहे मला. पुसायचा पण आहे. दोन्ही चौकोनांवर टिचकी आहे.

राहू दिलं.